शेकलेला हात

काकूंनी इस्त्री केलेला शर्ट कॉलरवरून ओळखता येतो, असं त्या गल्लीतली माणसं म्हणायची. बाकी दुकानांतली कॉलर टोकाशी चुरगळते किंवा मधे फुगा धरते. काकूंची कॉलर दोन्ही टोकांकडून मधे येत सपाट झालेली असायची, आणि शर्ट चारदा घातला तरी तशीच राहायची. यात गुपित काही नव्हतं. डाव्या हाताने कापड ताणायचं, उजव्या हाताने इस्त्री ढकलायची, आणि दोन्ही हातांनी एकमेकांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, एवढंच. आधी कॉलर, मग खांदा, मग कफ आतून आणि बाहेरून, मग बाह्या, आणि अंग सगळ्यात शेवटी. पन्नाशी ओलांडलेल्या काकूंनी आयुष्यात दुसरं काम केलेलं नव्हतं.

दुकान म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली एक खोली. पुढे काउंटर, मागे ब्लँकेट आणि जुनी चादर घट्ट ताणून बसवलेलं टेबल, त्याच्या बाजूला वाफेची टाकी, आणि तिच्या नळीला जोडलेली इस्त्री. काउंटरवर काकूंचे यजमान बसत. कपडे मोजून घेणं, चिठ्ठी टोचणं, गठ्ठे बांधणं आणि येणाऱ्या प्रत्येकाशी हवापाण्याच्या गप्पा मारणं, ही त्यांची खाती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री ठेवून फोन घेतला होता. तेव्हापासून त्यांना काउंटरवर बढती मिळाली, असं काकू सांगत. त्या त्यांना शेठ म्हणत, आणि हळूहळू सगळी गल्लीच त्यांना शेठ म्हणायला लागली. इस्त्रीचं एकच काम शेठांच्या हाती सोपवलेलं होतं, ते म्हणजे शेकायचे टॉवेल. मान आखडली, पाठ धरली, गुडघा कुरकुरला, की शेठ जाड टॉवेलची घडी घालायचे, वाफ मारून तो चांगला तापवायचे आणि दुखऱ्या जागी आणून ठेवायचे. त्या घरात औषधाच्या आधी टॉवेल यायचा. लेकीच्या बाळंतपणातही तिच्या कमरेला हेच टॉवेल होते.

काकूंचा आणखी एक नियम होता. दुकानात येऊन जो ‘अर्जंट, अर्जंट’ म्हणून ओरडेल त्याचा गठ्ठा खाली जायचा.

“ज्याला खरी घाई असते ना, तो नीट बोलतो,” त्या म्हणत. “इंटरव्ह्यूला जाणारा पोरगा येऊन कोपऱ्यात उभा राहतो. ओरडणारा सिनेमाला चाललेला असतो.”

त्या दिवशी सकाळचं काम निम्म्यावर आलं होतं. काकू एका पांढऱ्या शर्टाची बाही करत होत्या आणि इस्त्री त्यांच्या हातातून सुटली. पडली नाही, नळीला लोंबकळली. काकूंनी उजव्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून खाली कोणी दोरीने आवळल्यासारखी कळ आली होती. त्यांनी हात झटकला. पुन्हा इस्त्री धरायला गेल्या, तर बोटं मिटेनात. नखं पांढरी पडली होती.

“अहो शेठ,” त्या म्हणाल्या, “हात गार पडलाय बघा माझा.”

शेठ आले. हात खरोखरच गार होता, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला आणि मग त्यांना जे येत होतं ते केलं. मोठा टॉवेल तापवला, हात बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळला. थोड्या वेळाने टॉवेल बदलला. कळ वाढली. काकूंच्या कपाळावर घाम आला तेव्हा शेठांनी दुकानाचं शटर ओढलं आणि टॅक्सी थांबवली. निघताना आणखी दोन टॉवेल कडक तापवून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. वाटेत हात गार पडायला नको म्हणून टॅक्सीतही ते एकावर एक गुंडाळत राहिले.

शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात दाराशीच काचेआड एक नर्स बसलेली असते. आलेल्या प्रत्येकाला ती आधी बघते आणि मनगटावर कागदी पट्टी बांधते. लाल पट्टीवाला सरळ आत जातो, पिवळ्याला थोडं थांबावं लागतं, हिरव्याने बसून राहायचं. त्या दिवशी बाहेर खुर्च्या भरून माणसं उभी होती आणि काचेआड एकच नर्स होती. तिचा डबा टेबलाच्या कडेला न उघडलेला होता.

“काय होतंय मावशी?”

“हाताला कळ लागली. बोटं मिटत नाहीत.”

“पडलात का? मार लागला?”

“नाही. काम करत होते.”

“काय काम करता?”

“इस्त्री. लाँड्री आहे आमची.”

नर्सने मान हलवली. काकूंनी टॉवेल सोडवायला घेतला तेव्हा ती म्हणाली, “दुखरा हात राहू दे, तो नका हलवू. हा द्या इकडे.” तिने रक्तदाबाचा पट्टा डाव्या दंडाला बांधला. बोटाला लावायचा चिमटाही डाव्या बोटाला लावला. आकडे आले. नाडीचा आकडा थोडा खालीवर उड्या मारत होता. “धावत आलात वाटतं,” असं म्हणून तिने एक आकडा लिहिला. मग टॉवेलच्या कडेतून दोन बोटं आत घालून उजव्या हाताला स्पर्श केला.

“गरम आहे की हात.”

“चांगला शेक दिलाय मी,” शेठ म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

“बरं केलंत. आता किती दुखतंय?”

काकूंनी विचार केला. त्यांना खोटं सांगायचं नव्हतं. “मघाशी खूप दुखत होतं. आता कमी झालंय. आता काही कळतच नाही हाताला.”

“कमी झालंय ना? बघा म्हणजे. नस दबली असणार. इस्त्रीवाल्यांना, टायपिंगवाल्यांना होतं हे. डॉक्टर बघतील, बसा.” हिरवी पट्टी डाव्या मनगटावर चढली.

शरीराच्या एखाद्या भागाचं रक्त बंद झालं की आधी तो दुखतो. मग नसा मरायला लागतात आणि दुखणं थांबतं. नर्सला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तिने हात लावला तेव्हा तो गरम होता, आणि आत्ताच एका छातीत दुखणाऱ्या माणसाला धरून चार जण आत आले होते.

काकू आणि शेठ भिंतीकडच्या रांगेत बसले. खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीला ठोकलेल्या होत्या, त्यामुळे टोकाचा माणूस उठला की सगळी रांग हलायची. समोर टीव्ही होता, आवाज बंद. पलीकडे घोटा सुजलेला एक रंगारी पाय खुर्चीवर टाकून बसला होता. शिडीवरून पडला होता.

“तुमची पण हिरवी का?” त्याने विचारलं. “मग आरामात बसा काकू. इथे हिरवी पट्टीवाले बरे होऊनच घरी जातात. बसून बसून.”

शेठ हसले. काकूही हसल्या.

“माझ्या आधी आलेला एक जण होता,” रंगारी पुढे म्हणाला, “त्याचं प्लॅस्टर काढायला झालं तरी त्याचा नंबर यायचाय.”

“तुम्ही भिंती बोलूनच सुकवता वाटतं,” काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने टॉवेल गार झाले. ओले होते, म्हणून जास्तच गार. काकूंनी डाव्या हाताने ते सोडवले, मांडीवर त्यांची नीट घडी घातली आणि वरून कोरडा पदर घेऊन हात झाकला. झाकलेल्या हातावर बोटं दाबून पाहिली. दाबल्याचं डाव्या बोटांना कळत होतं, उजव्या हाताला नाही. दुसऱ्याच्या हाताला हात लावल्यासारखं वाटलं. त्यांनी पदर पुन्हा नीट केला.

शेठ काचेपाशी गेले. तिथे आता एक मुलगा बसला होता, नर्स आत गेलेली, तिचा डबा अजून तसाच.

“हात पुन्हा गार पडलाय हो तिचा.”

मुलाने पडद्यावर पाहिलं. “हिरवी आहे ना? हात गरम आहे, सिस्टरनी बघितलंय.”

“तेव्हा होता.”

“डॉक्टर बघतील.”

शेठ परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला, तेव्हा हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या आणि दाराशी उभा असलेला वॉचमन पुढे आला. काकूंनी बसल्या जागेवरून हाक मारली.

“अहो, या इकडे. ओरडू नका.”

“अगं, पण...”

“ओरडणाऱ्याचं काम मागे पडतं. नीट बसा.”

शेठ बसले. आयुष्यभर दुकानात जो नियम चालला, तो इथेही चालत असेल असं दोघांनाही वाटलं. जो शांत बसला आहे त्याची घाई खरी आहे, हे आतल्या कोणाच्या तरी लक्षात येईल. तिथे मात्र कोपऱ्यात शांत बसलेल्या माणसाला काही झालेलं नाही असा हिशेब होता.

मधे एक तरुण डॉक्टर बाहेर आला. काकूंचं नाव पुकारलं, समोर उकिडवा बसला. “बोटं हलवून दाखवा मावशी.” पदराखाली काकूंनी जोर लावला. मनगट जरासं वळलं. “हं,” तो म्हणाला आणि पदराला हात घालणार एवढ्यात आतून कोणी तरी त्याला ओरडून बोलावलं. बाहेर अॅम्ब्युलन्स लागली होती. “आलोच,” म्हणून तो धावत गेला. त्याला दोष द्यायचा तर द्यावा. अॅम्ब्युलन्समधून आलेल्या दोघांपैकी एक त्या दिवशी वाचला, तो त्याच्यामुळे.

काकू नंतर सांगायच्या की त्या वेळात त्यांना भीती वाटली नाही. कंटाळाही आला नाही. समोरच्या टीव्हीवर एक बाई कुठल्याशा जमिनीवर पोछा मारत होती, जमीन चमकत होती, आणि तीच जाहिरात पुन्हा पुन्हा लागत होती. रंगाऱ्याला आत नेलं, तो प्लॅस्टर घालून बाहेर आला. काकूंना बघून हसायला गेला आणि हसला नाही.

“तुम्ही अजून इथेच?”

“बरी होतेय बसून बसून,” काकू म्हणाल्या.

संध्याकाळी पाळी बदलली. नव्या पाळीतल्या डॉक्टर बाईंनी बसलेल्यांची रांग धरून एकेकाला तपासायला घेतलं. काकूंचा हात अंगाशी धरलेला पाहून त्यांनी पदर बाजूला केला आणि जवळची बोटं पकडून चिमटा लावला. आकडा येईना. दुसऱ्या बोटाला लावला. चिमट्याची बॅटरी गेली असेल म्हणून दुसरं यंत्र मागवलं. तेही गप्प. मग त्यांनी ते आधी स्वतःच्या बोटाला लावलं, मग काकूंच्या डाव्या बोटाला. दोन्हीकडे आकडा आला. डॉक्टर बाईंचा चेहरा तेव्हा बदलला. त्यांनी काकूंचं उजवं मनगट धरलं, बोटं सरकवत कोपरापर्यंत गेल्या, पुन्हा खाली आल्या.

“हा हात असा कधीपासून आहे?”

“सकाळपासून,” शेठ म्हणाले.

“आणि तुम्ही इथे बसून होतात?”

“बसा म्हणाले,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हिरवी पट्टी कापून टाकायलाही कोणी थांबलं नाही. ती तशीच हातावर राहिली आणि लाल पट्टी तिच्या वर चढली. स्ट्रेचर, लिफ्ट, हिरवे पडदे. हृदयाचे ठोके बेताल पडत होते म्हणून हृदयात रक्ताची गुठळी धरली होती, ती सुटून हाताच्या मोठ्या रक्तवाहिनीत येऊन अडकली होती. सर्जननी ती काढली. रक्त पुन्हा सुरू झालं, पण ज्याच्यासाठी सुरू करायचं ते बरंचसं आधीच गेलं होतं. सूज उतरावी म्हणून त्यांनी हात लांबवर चिरून उघडा ठेवला. बोटं आधी जांभळी झाली, मग काळी, मग सुकत गेली.

लेक दुसऱ्या गावाहून आली. ती बँकेत होती, तिला ऑफिसातल्या माणसांशी बोलता येत होतं. वॉर्डात, जिन्यात, ऑफिसच्या दारात ती सगळ्यांशी बोलली. संध्याकाळी आईच्या उशाशी बसली तेव्हा तिचा घसा बसला होता.

“आई, तू काही बोलत का नाहीस गं?”

“काय बोलू?”

“राग तरी कर. माझ्यावर कर, बाबांवर कर.”

“आला की करीन,” काकू म्हणाल्या. “तू बिस्किट खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”

सर्जन मध्यमवयीन होते, आवाज खाली ठेवून बोलणारे. ते खुर्ची ओढून बसले तेव्हाच तिघांना कळलं. त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. हात ठेवला तर विष अंगात चढेल. काढावा लागेल.

लेक रडायला लागली. शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंनी विचारलं, “कुठपर्यंत?”

सर्जननी खिशातलं पेन काढलं आणि स्वतःच्या हातावर कोपराच्या खाली आडवं धरून दाखवलं.

“म्हणजे कोपर राहतं?”

“राहतं.”

“वाकवता येईल?”

“येईल.”

काकूंनी पलंगावरच्या चादरीकडे पाहिलं. डावा हात चादरीवर पुढे सरकवला, मग उजवं कोपर उचलून चादरीच्या काठावर टेकवलं, आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. “कापड दाबून धरता येईल मग,” त्या म्हणाल्या. सर्जनना ते कळलं नाही. शेठांना कळलं, आणि ते उठून बाहेर गेले.

पुढे काही महिन्यांनी लेकीच्या पाठपुराव्यामुळे दवाखान्याने तिघांना बैठकीला बोलावलं. खोली छान होती, खिडकीत कुंडी, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. एक अधिकारी बाई आणि एक वयस्क डॉक्टर समोर बसले होते. अधिकारी बाई सभ्य होत्या. जे झालं त्याचं फार वाईट वाटतं, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. आता नियम बदलला आहे, दोन्ही हात उघडे करून बघायचे अशी सूचना लावली आहे. मग त्या म्हणाल्या, “एक गोष्ट मात्र अशी, की हात शेकून आणल्यामुळे पहिल्या तपासणीत दिशाभूल झाली. हे कोणाला दोष म्हणून नाही. पण घरगुती उपाय केला नसता तर कदाचित...”

शेठांनी मान खाली घातली. लेक उसळली, “म्हणजे माझ्या बाबांनी...” काकूंनी डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

“शेकला सकाळी,” काकू म्हणाल्या. आवाज दुकानात गठ्ठा पुढे सारताना असायचा तसाच. “टॉवेल दुपारच्या आत गार झाले. संध्याकाळपर्यंत तो कोण शेकत होतं?”

अधिकारी बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हा मुद्दा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“बरोबर आहे एवढंच?” लेक म्हणाली.

“ताई, आम्ही चूक मान्य करतोय.”

अधिकारी बाईंनी काकूंना विचारलं, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे का. “त्या सिस्टरांचा डबा दुपारी तसाच होता,” त्या म्हणाल्या. “एकट्याच होत्या त्या. एवढंच.” अधिकारी बाईंना हे तक्रारीत घ्यायचं की नाही ते समजलं नसावं. त्यांनी मान हलवली.

बसमधून परतताना शेठ खिडकीशी बसले होते. बरेच स्टॉप गेल्यावर ते म्हणाले, “मी तो टॉवेल...”

“अहो, पुरे.”

“नाही, पण मी...”

“मीच दिला ना हात तुमच्याकडे? तुम्ही काय जबरदस्ती केलीत? आणि ओरडू नका म्हणाले तीही मीच.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “त्याची वाटणी करत बसायला मला बळ नाही. तुम्हाला असेल तर करा.”

शेठांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुकान उघडलं. काकू टेबलाशी उभ्या राहिल्या. डाव्या हाताने इस्त्री, उजव्या कोपराने कापड दाबायचं. उशांचे अभ्रे जमले. टॉवेल जमले. चादरी शेठ दुसऱ्या टोकाला धरायचे, तेव्हा जमल्या; इतक्या वर्षांत ते काउंटर सोडून टेबलाशी पहिल्यांदाच टिकले. कोपराच्या टोकाला चटका बसला तरी उशिरा कळायचा, म्हणून लेकीने जाड कापडाची टोपी शिवून दिली होती. शर्ट मात्र जमला नाही. काकूंनी शेठांचा जुना शर्ट घेऊन पुष्कळ दिवस प्रयत्न केला. खांदा यायचा, बाह्या यायच्या. कॉलरला दोन्ही टोकं ताणून धरावी लागतात, आणि एक टोक कोपराखाली दाबलं की ते सरकायचं. कॉलर मधे फुगा धरायची. त्या उलगडायच्या, पाणी मारायच्या, पुन्हा करायच्या. एके दिवशी त्यांनी तो शर्ट तसाच घडी करून शेठांना घालायला दिला आणि दुसऱ्या दिवशी मागितला नाही.

त्याच आठवड्यात एक माणूस दुकानात आला, जवळच नव्याने राहायला आलेला. पिशवीत पाच-सहा शर्ट होते. तो नीट बोलत होता. उद्या नव्या नोकरीचा पहिला दिवस आहे, एक तरी मिळाला तर बरं होईल, म्हणाला. शेठांनी सवयीने पिशवी ओढून घेतली, आणि मग हात तसाच ठेवून मागे वळून पाहिलं.

काकू टेबलापासून पुढे आल्या. पिशवीतला वरचा शर्ट डाव्या हाताने काढला, कॉलरवरून अंगठा फिरवला. कापड चांगलं होतं. त्यांनी तो परत पिशवीत ठेवला.

“शर्ट घेत नाही आम्ही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या चौकात डाव्या हाताला एक दुकान आहे. त्याला सांगा, कॉलर आधी कर म्हणावं.”

“आणि इथे?”

“चादरी असतील तर आणा. अभ्रे आणा.”

माणूस पिशवी उचलून गेला. शेठ चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट करत उभे होते. काकू टेबलाकडे वळल्या, ढिगातली पुढची चादर ओढली आणि तिचं एक टोक शेठांकडे फेकलं.

“धरा,” त्या म्हणाल्या.